कान आवाजाला सरावतो का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला आणि रिपोर्टचा फोटो मोठा करून पाहिला. इतर वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते: वय २६, घर बेळगावच्या वडगावात, घरातच कापड विणायचे सहा माग. बारावीनंतर बाबांसोबत मागावर. विसर्जनाच्या रात्री स्पीकरच्या भिंतीपुढं पाचेक तास नाचलात. दुसऱ्या दिवशी दोन्ही कानांना दडे बसले आणि किर्र शिट्टी सुरू झाली. दडे दोन दिवसांत सुटले, शिट्टी दहाव्या दिवशीही आहे. चौथ्या दिवशी तपासणी झाली, रिपोर्टवर शिक्का 'नॉर्मल'. बाबा म्हणतात, "कान सरावतोय की, मला तीस वर्षं काय झालं?" आणि तुम्ही विचारताय की कानातल्या पेशींचे केस मेले तर परत उगवतात का, आणि पाच महिन्यांच्या मुलीचं काय.

मी एकवीस वर्षं बेळगावात श्रवणतपासणी करते आणि लहानपण खासबागेत मागांच्या खडखडाटातच गेलंय, म्हणून हा प्रश्न मला परका नाही. तुम्ही केसांबद्दल विचारलंत, पण तुमची खरी अडचण वेगळी आहे. कागद म्हणतो ठीक, कान म्हणतो ठीक नाही. विश्वास कुणावर ठेवायचा? माझं उत्तर आहे, कानावर. किती भरून येईल ते मात्र आत नेमकं काय दुखावलंय यावर आहे, आणि तुमचा कान न बघता मी ते छातीठोक सांगू शकत नाही. आत काय काय दुखावू शकतं, एवढं सांगते.

आधी तो रिपोर्ट. लाल गोल म्हणजे उजवा कान, निळ्या फुल्या म्हणजे डावा. 'नॉर्मल' हा शब्द बहुतेक ठिकाणी ५००, १००० आणि २००० हर्ट्झ या तीन सुरांची सरासरी काढून लिहिला जातो, आणि २५ डेसिबलपर्यंत सगळं नॉर्मल धरतात. आकडा जितका मोठा, तितकं ऐकणं कमी. तुमची सरासरी दहाच्या आसपास आहे, छान आहे. पण निळी फुली ४००० वर एकदम २५ ला उतरलीय आणि ८००० वर परत १५ ला आलीय. ३००० आणि ६००० तपासलेलेच नाहीत, त्या रेघा कोऱ्या आहेत. २६ वर्षांच्या कानाला ४००० वर २५ हा आकडा मी सोडून देणार नाही. असा खड्डा बघितला की मी पहिला प्रश्न विचारते, "काम कुठं करता?" उद्यमबागेतल्या कारखान्यांत फेटलिंगला, म्हणजे ओतीव लोखंडाच्या कडा घासायला, ग्राइंडर धरणारे, मागवाले, ढोलपथकातली पोरं, सगळ्यांच्या कागदावर तो तिथंच सुरू होतो. कारण कानाच्या नळीच्या लांबीतच आहे. ही अडीच सेंटिमीटरची नळी तीन हजार हर्ट्झच्या आसपासचे सूर आपणहून मोठे करून आत पाठवते, आणि आतला सगळ्यात जास्त मार त्याच्या जरा वरच्या सुरांच्या जागी बसतो.

आता ते 'केस'. आतल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखी अडीच-पावणेतीन वेढ्यांची नळी असते. तिच्या आतल्या पडद्यावर केशपेशी ओळीनं उभ्या असतात. एका कानात त्या साधारण पंधरा-सोळा हजार. बाहेरच्या तीन रांगांत बारा हजार, आतल्या एका रांगेत साडेतीन हजार. डोळ्याच्या पडद्यात प्रकाश टिपणाऱ्या पेशी दहा कोटींच्या वर आहेत, त्यापुढं कानाचं भांडवल किती तुटपुंजं ते बघा. जन्मतःच तेवढं घेऊन आपण येतो.

प्रत्येक पेशीच्या डोक्यावर काड्यांचा एक तुरा असतो. केस हे नाव दिसण्यावरून पडलं, डोक्यावरच्या केसांशी त्यांचं काही नातं नाही. या काड्या आपल्या केसाच्या दोनशेव्या भागाइतक्या बारीक, आत ॲक्टिन या प्रथिनाचे दोर घट्ट बांधलेले, आणि उंचीनं पायऱ्यांसारख्या लावलेल्या. आखूड काडीच्या टोकापासून शेजारच्या उंच काडीपर्यंत एक अतिसूक्ष्म धागा ताणलेला असतो. तो १९८४ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसला. आवाजानं तुरा उंच काड्यांच्या बाजूला कलला की धागा ताणला जातो, आणि त्याला जोडलेलं दार उघडतं. बाहेरच्या द्रवातलं पोटॅशियम आत घुसतं आणि पेशी जागी होते. किती कलायला लागतं? अगदी हळू आवाजाला अणूच्या व्यासाइतकं. कुजबुज ऐकायला बनवलेलं हे यंत्र आहे, त्याच्यापुढं आपण ट्रकभर स्पीकर लावतो.

आतल्या रांगेतल्या पेशी मेंदूकडं निरोप पाठवतात. बाहेरच्या तीन रांगांचं काम निराळं. त्या प्रत्येक सुराबरोबर स्वतः आखूड-लांब होतात, अक्षरशः नाचतात, आणि हळू आवाजाला बळ देतात. जास्त आवाजात सहसा आधी जातात त्या ह्याच.

मोठा आवाज बसतो तेव्हा इजा तीन पातळ्यांवर होते, आणि तुमचं उत्तर ह्या तिघांच्या फरकात आहे.

पहिली पातळी तुऱ्याची. येळ्ळूरच्या शिवारात कापणीच्या तोंडावर परतीचा पाऊस येतो तेव्हा भात लोळतं. काही ठिकाणी ते नुसतं कललेलं असतं, दोन दिवस ऊन पडलं की बरंचसं उठतं. काही ठिकाणी ताट बुडातून मोडलेलं असतं, ते उठत नाही. तुऱ्याचं तसंच. धागे तुटतात, काड्या ढिल्या पडतात, दारं नीट उघडत नाहीत, आणि माणसाला दडा बसल्यासारखं वाटतं. कोंबडीच्या पिल्लांच्या पेशींवर प्रयोगशाळेत पाहिलंय की तुटलेले धागे एका दिवसाच्या आत परत बांधले जातात. तुमचे दडे दोन दिवसांत सुटले, त्यात बहुधा ह्या दुरुस्तीचा मोठा वाटा आहे. काड्या मुळातून मोडल्या असतील किंवा एकमेकींना चिकटल्या असतील तर मात्र गोष्ट वेगळी.

दुसरी पातळी पेशीच्या पोटातली. पाच तास दारं उघडझाप करत राहिली की पेशीची ऊर्जा तयार करणारी यंत्रणा, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, तापलेल्या मोटारीसारखी चालते. तिच्यातून जे घातक ऑक्सिजनचे कण सुटतात ते पेशीला आतून गंजवतात. वरून आतल्या कानाचा रक्तपुरवठाही मोठ्या आवाजात कमी होतो. काम वाढलं आणि भाकरी निम्मी झाली, असा प्रकार. इथं एक गोष्ट लोकांना माहीत नसते. आवाज थांबला म्हणून हे थांबत नाही. गिनीपिगवरच्या प्रयोगांत हा गंज सात ते दहा दिवसांनी सगळ्यात जास्त दिसला, आणि पेशी दोन आठवड्यांपर्यंत मरत राहिल्या. म्हणून मिरवणुकीनंतर दुसऱ्या दिवशी मागावर उभं राहू नका असं मी सांगते. त्या पंधरवड्यात काही पेशी उंबरठ्यावर असतात.

एखादी पेशी मेलीच, तर शेजारच्या आधार देणाऱ्या पेशी पसरून तिची जागा झाकतात. पोटॅशियमचा तो द्रव खाली झिरपला तर आजूबाजूच्या चांगल्या पेशीही जातील, म्हणून भगदाड तातडीनं लिंपलं जातं. पण लिंपलेल्या जागी नवी केशपेशी येत नाही.

तर, परत उगवतात का? कोंबडीला उगवतात. आवाजानं मेलेल्या केशपेशींच्या जागी पक्ष्यांत नव्या येतात हे १९८७-८८ मध्ये लक्षात आलं, आणि ह्याच आधारपेशी तिथं त्या तयार करतात. आपल्या आधारपेशी नुसती जागा बुजवतात. त्यांना जागं करायचे प्रयत्न चालू आहेत. अमेरिकेत ज्या इंजेक्शनकडं बरेच जण आशेनं बघत होते, ते २०२३ मध्ये चाचणीत निष्फळ ठरलं. तुम्हाला कुणी 'कानाच्या नसा जिवंत करणारी' गोळी विकत असेल तर पैसे खिशात ठेवा.

तिसरी पातळी जोडणीची, आणि तुमच्या शिट्टीबद्दल माझा संशय इकडंच जास्त आहे. आतल्या रांगेतली एकेक पेशी दहा-वीस मज्जातंतूंना निरोप देते, ग्लुटामेट नावाचं रसायन सोडून. सतत गोंगाट असला की ते इतकं सांडतं की तंतूंची टोकं सुजतात, फुटतात, आणि काही पेशीपासून कायमची सुटतात. पेशी जिवंत, तुरा ताठ, पण तार तुटलेली. २००९ मध्ये उंदरांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. दोन तास १०० डेसिबल ऐकवल्यावर त्यांचं ऐकणं खाली गेलं, काही दिवसांत पूर्ण परत आलं. तपासणीत सगळं नॉर्मल. पण कान उघडून बघितले तर उंच सुरांच्या भागातल्या निम्म्याच्या आसपास जोडण्या गेलेल्या होत्या. माणसाच्या जिवंत कानात त्या मोजता येत नाहीत. दान केलेल्या कानांत वयानुसार जोडण्या कमी होत गेलेल्या मात्र स्पष्ट दिसतात, पेशी शाबूत असतानाही.

हे तुम्हाला मागाच्या भाषेत लवकर कळेल. ताण्यातलं दर दुसरं सूत काढून घेतलं तरी लांबून कापड कापडच दिसतं. खिडकीपुढं धरलं की विरळ झालेलं कळतं. बंद खोलीत, हेडफोनमध्ये एकेक 'पीं' ऐकवणं म्हणजे कापड लांबून बघणं. शनिवार खुटावरच्या गर्दीत मित्राचं बोलणं समजणं म्हणजे खिडकीपुढं धरणं. म्हणून तपासणीच्या खोलीत पास झालेला माणूस लग्नाच्या पंगतीत नापास होतो. आणि वर निरोप कमी पोचायला लागले की मेंदू आपला आवाज वाढवून ठेवतो, रेडिओचं स्टेशन लागत नाही तेव्हा आपण आवाजाचं बटण पिळतो तसा. त्या खरखरीचं रूप म्हणजे तुमची शिट्टी. ती ऐकू येते म्हणजे कान ठार गेला असं नाही, हेही लक्षात ठेवा.

आता बाबा. ते पूर्ण चुकीचं बोलत नाहीत. मधल्या कानात एक इवलासा स्नायू असतो, मोठा आवाज आला की तो आकसतो आणि आवाज थोडा दाबतो. पण तो मुख्यतः खर्जातले सूर दाबतो, आकसायला सेकंदाचा दहावा भाग घेतो, आणि सतत आवाजात थकतो. धोट्याचा, म्हणजे मागावर आडवं सूत इकडून तिकडं नेणाऱ्या लाकडाचा, ठोका त्याच्या आधीच आत पोचलेला असतो. एवढाच काय तो सराव.

बाकी ज्याला आपण सराव म्हणतो, तो मी माझ्या आजोबांत पाहिला. ते मागाच्या खोलीत पाठ करून बसलेले असत, आणि धोट्यातली सुताची कांडी संपत आली की धोट्याच्या आवाजावरून ओळखून उठायचे. सूत तुटलं की हात आपोआप दांडीवर. आम्हाला वाटायचं, काय कान आहे! पण आजी स्वयंपाकघरातून "अहो, भाकरी" म्हणून हाक मारायची ती तिसऱ्यांदासुद्धा पोचायची नाही. मग ती मला पाठवायची, खांदा हलवायला. कितीतरी वर्षांनी मी स्वतः त्यांची तपासणी केली. खालचे सूर बऱ्यापैकी, २००० पासून उतार, ४००० वर ७०. धोट्याच्या ठोक्यातला जो खालचा सूर ते ओळखायचे तो शिल्लक होता. स, श, त, क, ख, फ ज्या सुरांत असतात ते गेले होते. 'सात' आणि 'आठ' त्यांना एकच. त्यांचं म्हणणं होतं की हल्ली माणसं पुटपुटतात. खडखडाटाचा त्रास होत नव्हता, कारण तो त्रास जाणवून देणारं यंत्रच झिजलं होतं. बाबांना विचारून बघा, टीव्हीचा आवाज घरात कोण वाढवतं. आणि त्यांनाही तपासणीला आणा, भांडण न करता. त्यांच्या पिढीला कुणी सांगितलंच नव्हतं.

आकड्यांत सांगायचं तर सावध हिशोब असा: ८५ डेसिबल आठ तास चालतात, आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, १०० ला पंधरा मिनिटं. आपल्याकडचे कारखान्यांचे नियम जरा सैल आहेत, आठ तासांना ९० धरतात, पण घरातले चार-सहा माग त्या कायद्याच्या व्याख्येत बसतच नाहीत, त्यामुळं तिथं मोजायला कुणी येत नाही. सहा-आठ माग एकत्र चालू असलेल्या खोलीत माझ्या मीटरनं ९५ ते १०० दाखवलंय. स्पीकरच्या भिंतीजवळ १०९ धरले तर हिशोबानं दोन मिनिटंसुद्धा मिळत नाहीत. तुम्ही पाच तास होतात. शिवजयंतीच्या चित्ररथांपुढंही तेच. मिरवणूक मलाही आवडते, ढोल ऐकला की माझेही पाय हलतात; मी फक्त खिशात बोळे घेऊन जाते आणि स्पीकरच्या पुढं न राहता बाजूच्या गल्लीच्या तोंडाशी उभी राहते. अंतर दुप्पट केलं की मोकळ्यावर साधारण सहा डेसिबल उतरतात, अरुंद गल्लीत जरा कमी.

तुम्ही आता काय करावं? पंधरा दिवस पूर्ण होईपर्यंत माग आणि हेडफोन दोन्ही बंद ठेवता आले तर उत्तम. माग बंद ठेवणं म्हणजे मजुरी बुडणं, मला कळतं, पण निदान कान झाकून आणि निम्मा वेळ. त्यानंतर परत तपासणी, आणि ह्या वेळी तोंडानं सांगा की ३००० आणि ६००० पण घ्या. शक्य असेल तिथं ओएई करा. बाहेरच्या रांगेतल्या पेशी नाचतात तेव्हा त्यांच्या नाचाचा प्रतिध्वनी कानातून बाहेर येतो, आणि बारीक माइकनं तो पकडता येतो. कुणाला हात वर करायला लागत नाही, दोन मिनिटांत होतं. ऑडिओग्राम, म्हणजे तुमच्याकडचा हा फुल्या-गोलांचा कागद, नॉर्मल असताना ओएई कमी आलेला मी कितीदा पाहिलाय. गोंगाटात शब्द ओळखायची चाचणी मिळाली तर तीही.

एका गोष्टीला मात्र पंधरा दिवस थांबायचं नाही. एका कानाचं ऐकणं अचानक गेलं, किंवा चक्कर सुरू झाली, तर त्याच दिवशी कान-नाक-घसा डॉक्टर गाठा. अशा वेळी स्टेरॉइडचा उपयोग पहिल्या काही दिवसांत सगळ्यात जास्त असतो. तीन आठवडे लसणाचं तेल घालून मग आलेले लोक बघितले की मला रडू येतं. तेल पडद्याच्या अलीकडंच राहतं, केशपेशी पलीकडं आहेत.

अजून एक. पुढं कधी दवाखान्यात जेंटामायसिन किंवा अमिकासिन ही अँटिबायोटिक द्यायची वेळ आली तर मागावर काम करतो आणि कानात शिट्टी आहे हे डॉक्टरांना आधी सांगा. तुऱ्यावरच्या ज्या दारातून पोटॅशियम आत जातं त्याच दारातून ही औषधं केशपेशीत शिरतात आणि तिथंच मुक्काम करतात. आवाज आणि हे औषध एकत्र आलं तर नुकसान दोघांच्या बेरजेपेक्षाही जास्त होतं. जीव वाचवायला ती लागली तर घ्यायचीच, पर्याय असेल तर डॉक्टर बदलून देतात.

कापसाचा बोळा विसरा, त्यानं जेमतेम चार-पाच डेसिबल अडतात. फोमचे बोळे मेडिकलमध्ये किंवा हार्डवेअरच्या दुकानात स्वस्त मिळतात, पण दहातले आठ लोक ते चुकीचे घालतात. कोरड्या हातानं बोळा वातीसारखा बारीक वळा. दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाचा वरचा भाग वर आणि मागं ओढा, म्हणजे नळी सरळ होते. आत सरकवा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटानं धरून ठेवा. समोरून आरशात बोळ्याचं टोक बाहेर दिसत असेल तर तो बसलेला नाही. नीट बसला की स्वतःचा आवाज घुमल्यासारखा येतो. सूत तुटलेलं कळणार नाही ही सगळ्यांची भीती असते. आठवड्याभरात नवा आवाज ओळखीचा होतो, ठोका खालच्या सुरातला असल्यामुळं तो बोळ्यातूनही येतो.

घरी उलटं करा. निजताना अगदी शांत खोली नको, पंखा चालू ठेवा. पूर्ण शांततेत शिट्टी मोठी वाटते, आणि दिवसभर बोळे घालून बसलात तर मेंदू आवाज अजून वाढवतो. बोळे फक्त मागाला आणि मिरवणुकीला.

मुलीबद्दल: तिच्या कानाची नळी आखूड असल्यामुळं तिच्यात उंच सूर आपल्यापेक्षा जास्त वाढतात. पाळणा मागाच्या भिंतीला लागून असेल तर आजच हलवा, मधे एक बंद दार आणि जमलं तर एक खोली येऊ द्या. माग चालू असताना तिला कडेवर घेऊन आत जायचं बंद. बाळाच्या कानात फोमचे बोळे घालायचे नाहीत. जन्मतः तिची ओएई झाली होती का ते फाईलमध्ये बघा; नसेल तर तुमच्या तपासणीला येताना तिलाही घेऊन या, झोपलेली असली तर अजून बरं. आणि नवा रिपोर्ट आला की दोन्ही कानांचे आकडे इथं लिहा, ६००० चा विसरू नका.